मतदार यादी : भूमिहीनांचा सातबारा

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. माझे स्वतःचे मत तालुक्याच्या गावी आहे. ते सकाळी सात वाजताच देऊन मी मूळ गावी गेलो. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना केंद्रापर्यंत नेण्याचे काम आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी वाटून घेतले होते. त्यात माझी आत्याही होती.

आत्याचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. निळ्या काठाचे लुगडे नेसून, ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ओट्यावर बसलेलीच होती. मतदानाचा दिवस तिच्यासाठी चौदा एप्रिलसारखा. त्या दिवशी ती निंदायला, वेचायला कुणाच्याही वावरात जात नाही. फुफाजी होते तेव्हापासूनचा हा नेम.

शाळेतल्या केंद्रावर रांग लावली. पाऊण तासाने नंबर आला. टेबलावरच्या माणसाने यादीत बोट फिरवले, पान उलटले, पुन्हा फिरवले. म्हणाला, "आजी, तुमचं नाव वगळलेलं आहे." आत्याला समजले नाही. मी पुढे होऊन विचारले. उलगडा झाला तो असा : वस्तीत तिच्याच नावाची दुसरी एक म्हातारी होती. ती दीड वर्षापूर्वी वारली. मृत म्हणून नाव कमी करायचे होते तिचे, आणि कमी झाले आत्याचे.

ओळखपत्र हातात आहे, माणूस समोर उभा आहे, सारे गाव ओळखते. पण यादीत नाव नाही म्हणजे मत नाही. नियम तसाच आहे आणि त्या कर्मचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

बाहेर आल्यावर आत्या निंबाच्या झाडाखाली बसली. म्हणाली, "बापू, मी जित्ती असून मेली कशी रे?" मी काहीतरी समजूत घालू लागलो. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू तं विहारात लय भाषण देतं. मंग माह्यं नाव काहून नाई पाह्यलं?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. कच्ची यादी प्रसिद्ध झाली होती, हरकती मागवल्या होत्या, मुदत दिली होती. मी कारकून माणूस. दिवसभर याद्या, रजिस्टरे, जमा-खर्च तपासण्यावरच माझे पोट चालते. पण घरच्या माणसाचे नाव तपासायला मला पाच मिनिटे मिळाली नव्हती. मतदानाचे महत्त्व सांगणारी भाषणे मात्र मी तीन गावांत देऊन आलो होतो.

म्हणून या लेखात "मतदान करा" एवढेच सांगून मी थांबणार नाही. आपला समाज मतदान करणारा समाज आहे. रांगेत आपली माणसे असतात, आपल्या आयाबहिणी तर पुरुषांच्या आधी असतात. आपले मत गळते ते मतदानाच्या दिवसाच्या कितीतरी आधी, यादीत. त्या गळतीविषयी मला बोलायचे आहे.

हा हक्क कसा मिळाला?

आज अठरा वर्षांच्या मुलाला मताचा हक्क फुकट मिळाल्यासारखा वाटतो. तो फुकट मिळालेला नाही.

२७ जानेवारी १९१९ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्या काळी मत होते ते शेतसारा भरणाऱ्याला, घरपट्टी भरणाऱ्याला, इस्टेट असणाऱ्याला. ज्याला गावकुसाबाहेर राहायला भाग पाडले, ज्याला जमीन घेऊ दिली नाही, त्याला सारा भरत नाही म्हणून मत नाही! बाबासाहेबांनी त्या समितीला समजावून सांगितले की समाजात एकत्र जगण्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार म्हणजे मताधिकार. ज्यांच्यावर त्या अटी सर्वात जास्त लादल्या जातात, त्यांनाच तो नाकारणे हा अन्याय आहे.

१९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी सरसकट सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत द्या, अशी मागणी केली. अडाणी माणसाला मताची अक्कल काय, असे विचारणारे तेव्हाही पुष्कळ होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, अक्षर न वाचणाऱ्या माणसालाही आपले हित-अहित कळते. पुढे गोलमेज परिषद झाली आणि दोन मतांचा व स्वतंत्र मतदारसंघांचा हक्क मिळाला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने तो हक्क सोडावा लागला आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा पदरात पडल्या. हा इतिहास आपल्या घरोघरी माहीत आहे.

१९३५ च्या कायद्यानंतरही ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन कोटी. कर, मालमत्ता, शिक्षण यांच्या अटी कायम होत्या. तशाही परिस्थितीत १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आणले. मतदार थोडे होते, पण एकेक मत मोजून वापरले गेले.

मग संविधान आले. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. कलम ३२५ ने सांगितले की धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कुणालाही यादीबाहेर ठेवता येणार नाही आणि सर्वांची यादी एकच राहील. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटी ३२ लाखांवर गेली. आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता. ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती, त्याचे नाव पहिल्यांदा पाटील-देशमुखांच्या यादीत, त्यांच्याच पानावर छापून आले. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला त्या यादीने हक्कदार केले. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने वयाची अट २१ वरून १८ वर आणली.

तेव्हा मतदार यादी म्हणजे आपला सातबारा आहे. आणि सातबाऱ्याचे कसे असते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. शेतकरी दरवर्षी तलाठ्याकडे जाऊन उतारा काढतो, नाव नीट आहे का, क्षेत्र नीट आहे का ते पाहतो. आपण आपल्या या उताऱ्याकडे किती वेळा पाहतो?

बाबासाहेबांचा पराभव आणि बाद मते

१९५२ साली बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. द्विसदस्य मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. राखीव जागेवर बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. आणि त्या निवडणुकीत बाद ठरलेल्या मतपत्रिका होत्या ७४ हजारांवर.

हे आकडे मी अनेकदा कागदावर मांडून पाहिले आहेत. बाद झालेली सारी मते बाबासाहेबांनाच पडली असती असे मी म्हणत नाही. पण हरण्याचे अंतर साडेचौदा हजार आणि वाया गेलेली मते चौऱ्याहत्तर हजार, एवढे डोळ्यांपुढे ठेवले तरी पुरे आहे. ज्याने साऱ्या देशाला मत दिले, त्याच्या वाट्याला पराभव आला तेव्हा एवढी मते नुसती रद्दीत गेली होती.

१९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही दोन मतांचा प्रश्न आला. काही कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला फायदा होणार नाही. बाबासाहेबांनी साफ नकार दिला, असे जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. मत वाया घालवायला मी लोकांना शिकवणार नाही, ही त्यांची भूमिका. ते तिथेही हरले, पण मत कुजवले नाही. आपण मात्र आज कंटाळ्याने, आळसाने, यादी न पाहिल्याने रोज मत कुजवत आहोत.

संघातही मत होते

मतदान ही इंग्रजांची देणगी आहे असे कुणी म्हटले, तर त्याला २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे संविधान सभेतील भाषण वाचायला द्यावे. भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते, हे त्यांनी तिथे सांगितले आहे. ठराव कसा मांडायचा, किती जण हजर असले म्हणजे सभा ग्राह्य, मत कसे घ्यायचे, हे सारे ठरलेले होते. विनयात शलाकेने मत घेण्याची रीत आहे. शलाका म्हणजे लाकडाची काडी. एक बाजू घेणाऱ्याने एक काडी उचलायची, दुसरी बाजू घेणाऱ्याने दुसरी. काड्या गोळा करणारा भिक्खू निःपक्षपाती असला पाहिजे, अशी अट होती.

वज्जींच्या गणराज्याविषयी तथागतांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की वज्जी जोपर्यंत वरचेवर एकत्र जमतील, एकोप्याने जमतील आणि एकोप्याने उठतील, तोपर्यंत त्यांची भरभराटच होईल. म्हणजे एकत्र बसून ठरवणे हा आपल्या धम्माचाच भाग आहे. विहारात यादी वाचली तर ते राजकारण होईल, अशी शंका काही उपासक काढतात. राजकारण कुणाचा झेंडा लावण्यात आहे. आपल्या माणसाचे नाव शोधण्यात नाही.

सातासमुद्रापलीकडची लढाई

जगातल्या दुसऱ्या पददलितांनीही हेच भोगले आहे. अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त केल्यावर १८७० मध्ये घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला. पण दक्षिणेकडच्या गोऱ्यांनी तो यादीच्या दारातच अडवला. वाचनाची परीक्षा घ्यायची, मतासाठी कर मागायचा, नोकरीवरून काढायचे, मारहाण करायची. कायद्यात हक्क होता, यादीत नाव नव्हते.

मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाची शेतमजूर बाई होती. एका मळ्यावर तिने अठरा वर्षे काम केले होते. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती इतर कृष्णवर्णीयांबरोबर मतदार नोंदणीसाठी कचेरीत गेली. परत आली तेव्हा मळ्याच्या मालकाने सांगितले, अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड. तिने मळा सोडला. नुसत्या नाव नोंदवण्याच्या अर्जासाठी तिचे घर गेले! तिच्यासारख्या हजारोंच्या लढ्यातून आणि १९६५ च्या सेल्मा येथील मोर्चांनंतर ६ ऑगस्ट १९६५ रोजी तिथे मतदान हक्काचा कायदा झाला. दक्षिण आफ्रिकेत तर नेल्सन मंडेलांनी आयुष्यातले पहिले मत दिले ते २७ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी.

बाबासाहेबांना या नात्याची जाणीव होती. १९४६ मध्ये त्यांनी निग्रोंचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याविषयी विचारणा केली होती. फरक एवढाच की त्या लोकांना यादीत नाव यावे म्हणून रक्त सांडावे लागले. आपल्यासाठी ते काम बाबासाहेबांनी लेखणीने केले. आपल्याला फक्त एक अर्ज भरायचा आहे, आणि तेवढेही आपल्याकडून होत नाही.

आपल्या जिल्ह्याचे गणित

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख. त्यात शंभरात साधारण चौदा बौद्ध. तेराही तालुक्यांत आपली वस्ती आहे. आपण एकटे कुणाला निवडून आणू शकत नाही, पण आपल्याला टाळून निवडून येणेही सोपे नाही.

मताने काय होते याचे दाखले दूर शोधायला नकोत. १९७७ साली याच बुलढाणा लोकसभा मतदारसंघातून रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई लोकसभेत गेले. १९९८ साली महाराष्ट्रातून रिपब्लिकन चळवळीचे चार नेते एकदम लोकसभेवर निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. आणि चारही जागा राखीव नव्हत्या, सर्वसाधारण होत्या. त्यासाठी दुसऱ्या पक्षांशी समझोता करावा लागला हे खरे. पण समझोता त्याच्याशीच होतो, ज्याच्याकडे मोजता येतील अशी मते असतात.

आता ताजा आकडा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघाचा निकाल लागला तो ८४१ मतांनी. कोण जिंकले, कोण हरले हा या लेखाचा विषय नाही. मतदारसंघात काही शे मतदान केंद्रे. त्यांत ८४१ वाटले तर एका केंद्रामागे दोन-चार मते येतात. माझ्या आत्यासारखी दोन-चार माणसे प्रत्येक केंद्रावरून परत गेली असतील, तर त्या सर्वांची बेरीज किती होते, हे वाचकांनीच करून पाहावे.

ग्रामपंचायतीत तर हा हिशेब आणखी बारीक होतो. एका गावी आपल्या वस्तीतला शिकलेला मुलगा चार मतांनी पडला. त्याच वेळी त्याच वस्तीतली अकरा माणसे वीटभट्टीवर होती आणि तीन सुनांची नावे अजून माहेरच्या गावी होती. दोष कुणाला द्यायचा?

शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. ग्रामसभा म्हणजे त्या गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या माणसांची सभा. यादीत नाव नाही म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सभासद नाही. वस्तीच्या रस्त्याचे काय झाले, मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायच्या १५ टक्के निधीचा खर्च कुठे दाखवला, असे विचारायला उभे राहिलात आणि कुणी यादी उघडली, तर तोंड बंद करून खाली बसावे लागेल. निवडणुकीला उभे राहण्यासाठीही नाव यादीतच लागते.

नावे कुठे गळतात?

आत्याच्या प्रकरणानंतर आम्ही काही गावांत आपल्या वस्तीची यादी घेऊन घरोघर बसलो. सगळीकडे गळतीची ठिकाणे तीच दिसली.

पहिले ठिकाण, सासरी आलेल्या लेकीबाळी. लग्न होऊन पाच-पाच वर्षे झाली, दोन लेकरे झाली, रेशनकार्डावर नाव चढले. पण मतदार यादीत नाव माहेरी. मतदानाला माहेरी जायला भाड्याचे पैसे नाहीत, मजुरी बुडते. मग ते मत तिथेच पडून राहते. यासाठी नमुना क्रमांक ८ भरायचा, म्हणजे नाव माहेरच्या यादीतून सासरच्या यादीत येते. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे. मुलगी नवरा म्हणून ओळखली जात नाही, स्वतःच्या नावाने मतदार होते, हेही लक्षात असू द्या. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, सुमारे २८ लाख बायांची नावे यादीत येऊ शकली नाहीत, कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले. आपल्या माउल्यांनी आपले नाव ठसक्यात सांगावे.

दुसरे ठिकाण, पोटासाठी बाहेर गेलेली माणसे. सिंदखेडराजा, लोणार, मेहकरकडची माणसे ऊसतोडीला जातात. कुणी वीटभट्टीवर, कुणी सुरतेला, कुणी पुण्याला बांधकामावर. यादी तपासणारा माणूस येतो तेव्हा घराला कुलूप असते. शेजारी सहज सांगून टाकतात, "ते इथं नाई राहत." आणि नाव जाते. इथे कायदा आपल्या बाजूने आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते की, तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून माणूस त्या गावचा रहिवासी नाही असे होत नाही. तेव्हा शेजाऱ्यांनी सांगावे : "कामाले गेले हायत, चार महिन्यानं येतात." एवढ्या एका वाक्याने एक कुटुंब यादीत राहते.

तिसरे ठिकाण, नव्याने अठरा वर्षांची झालेली मुले-मुली. दहावी-बारावीच्या फॉर्मची तारीख आईबापांना तोंडपाठ असते, नमुना क्रमांक ६ ची नसते. सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. वयाचा व राहण्याचा पुरावा आणि फोटो एवढेच लागते.

चौथे ठिकाण, एकसारखी नावे आणि चुकलेली नावे. आपल्या वस्तीत एकाच नावाची तीन-तीन माणसे सापडतात. वडिलांचे नाव एक, आडनाव एक. मृताचे नाव कमी करताना जिवंताचे जाते, ते असे. म्हणून घरात मयत झाली की दिवसकार्य आटोपल्यावर नमुना ७ भरून आपणच योग्य नाव कमी करून घ्यावे. माणूस गेल्यावर त्याच्या नावावर कुणी दुसऱ्याने मत टाकावे, हा त्या माणसाचाही अपमान आहे.

चार तारखा, चारही ओळखीच्या

पूर्वी वर्षातून एकदाच, १ जानेवारीला अठरा पूर्ण असणाऱ्याचे नाव घेत. २०२२ पासून चार तारखा झाल्या : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आपल्या लोकांना त्या लक्षात ठेवायला काहीच कठीण नाही. १ जानेवारी म्हणजे भीमा कोरेगावचा शौर्य दिन. १ एप्रिलपासून जयंतीची वर्गणी सुरू होते. १ जुलैच्या सुमारास आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागतो. १ ऑक्टोबरच्या आगेमागे आश्विन पौर्णिमेला तो संपतो आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चालू असते.

वर्षावासात आपल्या विहारांतून रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. बायामाणसे, म्हातारीकोतारी सारी जमतात. माझी सूचना एवढीच आहे की, वर्षावासातली एक संध्याकाळ यादीसाठी ठेवावी. त्रिशरण-पंचशील झाले की वस्तीच्या भागाची यादी मोठ्याने वाचावी. ज्याचे नाव आले त्याने "हजर" म्हणावे. ज्याचे आले नाही, त्याचा अर्ज तिथेच, शिकलेल्या मुलामुलींनी भरून द्यावा. बीएलओ बहुधा गावातलीच अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात, त्यांनाही बोलवावे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. कारकून म्हणून सांगतो, कागदाला कागदच बोलतो.

मतदानाच्या दिवशी

काही गोष्टी पाठ असाव्यात. ओळखपत्र हरवले असले तरी यादीत नाव असल्यास आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे पासबुक यांवर मत देता येते. तुम्ही जाण्याआधीच तुमच्या नावावर कुणी मत टाकून गेला असेल, तर भांडून परत येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे टेंडर मत मागा, ते तुमचा हक्क म्हणून मिळते. संध्याकाळी वेळ संपताना जो रांगेत उभा आहे, त्याला मत देऊ द्यावेच लागते. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा नियम रोजंदारीच्या मजुरालाही लागू आहे, हे मालकाला सांगावे. आणि कुणी दम देऊन मत देऊ नको म्हटले, किंवा अमक्यालाच दे म्हणून जबरदस्ती केली, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली तो गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

सत्तावीस पैसे

आता थोडे कडू बोलतो. आदल्या रात्री वस्तीत जे फिरतात, त्यांच्याविषयी. पाचशेची नोट देतात, कुठे साडी, कुठे बाटली. पाच वर्षांचे दिवस होतात १८२६. पाचशेला भागा. दिवसाला सुमारे सत्तावीस पैसे पडतात. सत्तावीस पैशात आज विड्याचे अर्धे पानही येत नाही. ज्या मतासाठी बाबासाहेब विलायतेच्या परिषदेत एकटे उभे राहिले, त्याचा आपण हा भाव लावतो.

मी गरिबाला दोष देत नाही. ज्याच्या घरी त्या रात्री पीठ नाही, त्याला पाचशेची नोट मोठी वाटते. पण नोट घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी मान वर करून सांगू शकत नाही की वस्तीतला हातपंप बंद आहे. तो सांगायला गेला, तर ऐकून घ्यावे लागते, "तुझा हिशेब झाला ना?" पैसे घेऊन मत आपल्या मनाने देतो, असे म्हणणारेही भेटतात. हा शहाणपणा नाही. पंचशील घेणाऱ्याने खोटे बोलू नये, एवढे तरी पाळावे.

"मत देऊन काय झाले?"

हा प्रश्न तरुण मुले विचारतात आणि त्यांना गप्प करून चालणार नाही. सत्तर वर्षे मते दिली, तरी गायरानाच्या पट्ट्यासाठी चपला झिजतात, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, अत्याचार थांबले नाहीत. हे खरे आहे. नेत्यांनी गट पाडले, मते फाटली, हेही खरे आहे.

बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला बजावले होते की राजकारणात प्रत्येकाच्या मताची किंमत सारखी राहील, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. म्हणजे मताने सारे होईल असे त्यांनी कधी सांगितले नाही. पण वावर मालकाचे, दुकान सावकाराचे, ट्रॅक्टर पाटलाचे. अशा गावात एकच वस्तू अशी आहे की जी त्यांच्याकडे जेवढी आहे तेवढीच आपल्याकडे आहे. ती एक. तीही आपण सोडून दिली, तर उरलेल्या गोष्टी कशाच्या जोरावर मागायच्या?

मत दिले म्हणजे काम संपले असेही नाही. मत पाच वर्षांतून एकदा, ग्रामसभा वर्षातून अनेकदा. मत दिलेल्या माणसाने ग्रामसभेत जावे, विचारावे, लेखी मागावे. उमेदवार कोण, पक्ष कोणता, हे ज्याने त्याने विचार करून ठरवावे. मी त्यात पडणार नाही.

आत्याचे नाव परत यादीत आले. नमुना ६ भरला, पंचाहत्तर वर्षांच्या बाईला नवीन मतदार म्हणून! बीएलओ ताई घरी येऊन पाहून गेल्या. नाव आले त्या दिवशी मी छापील पान तिला नेऊन दाखवले. तिला वाचता येत नाही. तिने विचारले, "कोणतं हाय माह्यं?" मी बोट ठेवले. तिने त्या ओळीवरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "आता वरच्या आळीतल्या साऱ्याईचं पाह्य. मी एकटी जित्ती होऊन काय करू?"

पुढच्या रविवारपासून वरची आळी घेतली आहे. आपणही आपली घ्यावी, ही विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!